आमची वाटचाल : सर्कल ते टोप

दादांनी उद्यमनगरात शेड घेतली तेव्हा मेटल मिळवणं हाच मुख्य धंदा होता, भांडी बनवणं नंतर. 1970 च्या सरकारी कंट्रोल ऑर्डरमुळे धातू बनवणाऱ्या कंपन्यांना निम्मं अ‍ॅल्युमिनियम वीजतारांच्या ग्रेडचं काढावं लागे. उरलेल्यात जर्मनची भांडी करणाऱ्यांना कोण विचारतो? मार्च 1989 मध्ये कंट्रोल उठला, रोलिंग मिलवाले स्वतः फोन करू लागले. पुढची बरीच वर्षं बरी गेली. पगार वेळेवर झाले, आणखी काय सांगायचं!

सांगायचं ते स्पिनिंग लेथबद्दल, म्हणजे पत्रा गरगर फिरवत त्याला भांड्याचा आकार देणाऱ्या यंत्राबद्दल. प्रेसवर पातेली पडतात, पण मोठा टोप आजही आम्ही लेथवरच चढवतो. फॉर्म्याला, म्हणजे भांड्याच्या साच्याला, सर्कल (पत्र्याची गोल चकती) टेकवायचं, मागून सेंटरने आवळायचं, चरबी लावायची आणि लांब दांड्याचं हत्यार काखेत धरून पूर्ण अंगाने रेटायचं. आमचे मिस्त्री मनगट जवळजवळ वापरतच नाहीत, सगळा जोर कमरेतून. सर्कल कडक झालं की मध्येच उतरवून तापवायचं. किती? त्यावर साबणाची वडी घासायची. साबण काळा पडला की भट्टीतून बाहेर. आता आमच्याकडे तापमान दाखवणारं मीटर आहे, तरी मिस्त्रींच्या खिशात वडी असतेच.

आता 2008. जुलैत लंडनच्या बाजारात अ‍ॅल्युमिनियम टनाला 3300 डॉलरच्या वर होतं. त्याच महिन्यात एका बड्या होलसेलरने धनत्रयोदशीच्या सीझनची ऑर्डर दिली: सोळा गेजचे (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर) टोप आणि डबे, भाव पक्का, चिठ्ठीवर सही. त्या भावाने सर्कल उचललं, बँकेची लिमिट संपवली, रात्रपाळी लावली. दसऱ्यापर्यंत भाव घसरायला लागला. गृहस्थ म्हणाले, "आजच्या रेटने लावा, नाहीतर माल परत न्या." माल परत आला. टेम्पोभाडंही आमच्याच अंगावर. फेब्रुवारीत भाव 1300 च्या आसपास आला, तेव्हा आमच्या गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि त्यांची ऑर्डर गेली कुणाकडे? आमच्याच गल्लीतल्या एकाकडे. तो भंगार वितळवून मारलेल्या पत्र्यातून माल काढत होता. इंजिनचे पिस्टन, जुन्या खिडक्या, सगळं एकाच भट्टीत. असं सर्कल आमच्या लेथवर घेतलं तर काठाला चिरतं, म्हणून तो उथळ माल काढायचा. सोळा गेज म्हणजे 1.63 मिलिमीटर, त्याचा पत्रा अठराचा, 1.22. पण वर झकपक बफिंग. वर हाच माणूस आमच्या शेडमध्ये येऊन विचारतो, "मोडीच्या भावात देताय का सगळं?" दादा काहीच बोलले नाहीत, चहा सांगितला. मी असतो तर चहा सांगितला नसता.

तगलो ते लग्नाची जेवणं करणाऱ्या एका आचारीमामांमुळे. दादांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. ते आले, टोपाच्या बुडाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून पाहिला, बाकी काही नाही. म्हणाले, "रस्सा खाली लागला तर शिव्या मला पडत्यात, भांडंवाल्याला न्हाई. ह्येच द्या." रोख दिले. मग सांगली, मिरज, निपाणीकडच्या आचाऱ्यांना घेऊन आले. होलसेलसाठी केलेला माल आम्ही असा एकेक करून विकला, आणि तेव्हापासून मोठ्या ऑर्डरवर निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय सर्कल उचलत नाही. नवीन पोरांनी हे लिहून ठेवावं. सही म्हणजे पैसे नव्हेत.

आणि घेणाऱ्यांनो, काठ बघून भांडं घेऊ नका. काठ वळवलेला असतो, तो जाडच दिसणार. पत्रा ताणला जातो तो बुडाच्या वळणावर. तिथे दाबा, मग वजन करा. पाणी उकळून भांडं आतून काळं पडलं तर घाबरू नका, तो पाण्यातल्या क्षारांचा परिणाम. लिंबाच्या साली टाकून पाणी उकळलं की उजळतं. सोड्याने मात्र घासू नका, आणि चिंचेची आमटी रात्रभर त्यात ठेवू नका.

2024 मध्ये केंद्राने अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय मार्क सक्तीचा करण्याचा आदेश काढला. आमचा विरोध नाही, उलट पंधरा वर्षं उशीरच झाला. गंमत अशी की आयएस 1660 हे मानक 30 लिटरपर्यंतच्या भांड्यांचं आहे. आमचं पोट चालतं त्यापुढच्या टोपांवर. तिथे अजून मामांचा अंगठाच चालतो. लहान मालासाठी कागदपत्रं करतोय. गल्लीतल्या त्या गृहस्थांचा मुलगा परवा विचारत होता, सर्कलचं टेस्ट सर्टिफिकेट कुठल्या मिलकडून मिळतं. सांगितलं त्याला. चहाही सांगितला.