संत्र्याच्या चिठ्ठीपासून आयरिसच्या पाटीपर्यंत: आमची वाटचाल

बाबांनी नागपूरच्या इतवारीतल्या बोळात स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान टाकलं ते लग्नपत्रिकांसाठी. लग्नसराई संपली की हात रिकामे. मग शेंदुरजनाघाटकडच्या रोपवाटिकांचं काम मिळालं: संत्र्याच्या कलमांना बांधायच्या चिठ्ठ्या. वाण नागपुरी, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाचं झाड) जंबेरी की रंगपूर, एवढंच छापायचं. पण कोवळ्या कलमाचा खुंट नुसता पाहून कोणाला ओळखू येणार? शेतकऱ्याची सगळी भिस्त त्या चिठ्ठीवर. पत्रिका मोबाइलवर गेल्या, तेव्हा याच चिठ्ठ्यांनी दुकान तारलं.

पुढे हिमाचलातल्या एका नर्सरीनं आयरिसच्या वाफ्यांत रोवायच्या पाट्या मागितल्या. हे दाढीवालं आयरिस. खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो. त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते, त्यामुळे नागपुरात ते फुलायची आशा नकोच. फूल आम्ही फोटोतच पाहिलं, पण त्याची मापं आता दुकानात सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

अमेरिकन आयरिस सोसायटीनं (स्थापना 1920) याचे सहा वर्ग पाडलेत. मोजायचा तो फुलाचा दांडा, पानं नाही. 20 सेंमीपर्यंत मिनिएचर ड्वार्फ, 20 ते 41 स्टँडर्ड ड्वार्फ, 70 च्या वर टॉल. इथवर फूटपट्टी पुरते. खरी गंमत मधल्या 41 ते 70 मध्ये, कारण तिथे एकाच मापात तीन वर्ग राहतात. इंटरमीजिएट बुटक्यांनंतर आणि टॉलच्या आधी फुलतं. बॉर्डर टॉलच्या बरोबरीनं फुलतं. टॉलचा ठेंगणा भाऊच तो. मिनिएचर टॉलसुद्धा त्याच सुमारास फुलतं, पण दांडा सडपातळ आणि फूल इवलंसं: उंची-रुंदीची बेरीज साधारण 15 सेंमी. टेबलावरच्या फुलदाणीत शोभतं म्हणून त्याला टेबल आयरिसही म्हणत. म्हणजे नुसती उंची छापून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. माझ्या मते सहापैकी सगळ्यात हुशारीनं पाडलेले वर्ग हेच तीन.

पाटीवर नाव, पैदासकार, नोंदणीचं वर्ष, वर्ग, उंची आणि बहराचा काळ, एवढं सगळं बसवायचं. त्यात आयबी (इंटरमीजिएट) आणि बीबी (बॉर्डर) ही वर्गांची आद्याक्षरं दुरून सारखीच दिसतात. म्हणून प्रत्येक वर्गाला वेगळ्या रंगाची पट्टी द्यायचं ठरलं. नमुने नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, दुकानाच्या स्लॅबवर ठेवले. लाल पट्टी सगळ्यात आधी फिकी पडली. तेव्हा आमचे कटिंगवाले काका म्हणाले, "भाऊ, कोपरे कापून देऊ नं! खाच काय उडून जाऊन राहिली?" तेच पक्कं झालं. ॲल्युमिनियमची पट्टी, कोरलेली अक्षरं आणि वर्गागणिक कोपऱ्याला खाचा. अंधारात चाचपूनही वर्ग सांगता येतो. गिऱ्हाइकानं हे मागितलं नव्हतं. पण पुढच्या ऑर्डरीत खाचांसकट मागितलं.

सध्या डेलियाचं काम हातात आहे. तो आपल्याकडे हिवाळ्यात छान येतो, त्यामुळे गिऱ्हाईकही जवळचं. अमेरिकन डेलियावाले फुलाचा व्यास बघतात: दहा इंचांच्या वर सगळ्यात मोठा वर्ग, आणि पाकळ्यांच्या ठेवणीचे प्रकार निराळेच. एवढं सांगायला कोपरे पुरत नाहीत, म्हणून काकांनी आता पट्टीच्या कडेला भोकं पाडायला घेतलीत.