आज कोळसा मुरायला घातला

आज दिवसभर बायोचार, म्हणजे मातीत घालायचा कोळसा, आणि कंपोस्ट कालवत होतो. हात कोपरापर्यंत काळे झालेत, पण मन भरलंय.

काड्या-फांद्या उघड्यावर पेटवल्या की हाती राख उरते. त्याच कमी हवेत, ४००-६०० अंशांवर भाजल्या की बायोचार होतो. एक तुकडा मोडून पाहिला. कटकन मोडतो, आत छिद्रंच छिद्रं. पाण्यात टाकला तर बुडबुडे सोडत पाणी पीत राहतो. हीच छिद्रं पुढे ओल धरतात, जिवाणूंना आसरा देतात.

पण कोरा बायोचार थेट वावरात टाकू नका, कळकळीने सांगतोय. तो नत्र स्वतःकडेच धरून बसतो, पिकाला मिळत नाही. आधी ओलसर कंपोस्टमध्ये काही आठवडे मुरू द्या. जमीन चुनखडीची असेल तर माती तपासूनच वापरा, कारण बायोचार बहुतेक वेळा सामू (pH), म्हणजे मातीचा अल्कपणा, वाढवतो.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात तिथल्या मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडं, खरकटं घालून घडवलेली काळी माती हजारो वर्षांनी आजही सुपीक आहे. कंपोस्ट काही वर्षांत विरतं, कोळसा मात्र शतकानुशतकं टिकतो. ढिगाऱ्यावर गोणपाट टाकलंय, पुढच्या आठवड्यात पालटणार.