गाडीतला कुबट वास: परफ्यूम नंतर, आधी पाणी शोधा

पावसाळ्यात दार उघडताच ओल्या गोणपाटासारखा वास आला, तर परफ्यूमची डबी दुकानातच राहू द्या. मोगऱ्याचा वास आणि बुरशीचा वास एकत्र झाले की जे तयार होतं ते दोन्हीपेक्षा वाईट असतं. वास हवेत नसतो, कशात तरी मुरलेला असतो. ते ‘कशात तरी’ बहुतेक वेळा पायाखालीच असतं.

मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर मूठ जोरात दाबा. हाताला नुसतं गार लागलं तर रद्दीचा जाड थर ठेवून त्यावर 10 मिनिटं उभे राहा. कागद ओला झाला तर कार्पेटखालच्या नमद्यात किंवा फोममध्ये पाणी आहे. इथेच फसगत होते. वरचं कार्पेट एका दुपारी सुकतं, खालचा थर महिनाभर ओला राहतो. त्यावर कडेने उंच असलेल्या रबरी किंवा चामडी मॅट असतील तर विचारायलाच नको, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखी ओल आत कोंडते.

सुकवण्याआधी पाणी कुठून येतंय ते पाहा, नाहीतर पुढच्या सरीला पुन्हा तेच. ओल कुठे आहे यावरून वाट कळते. पाऊस नसतानाही पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ओलं होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. दमट दिवशी एसी 15 मिनिटं चालवा आणि गाडीखाली वाका. थेंब पडताना दिसले नाहीत तर संशय पक्का. नळी खालून मऊ प्लास्टिकच्या पट्टीने मोकळी करता येते. कडक तार खोल खुपसू नका, वरच्या बाजूला कूलिंग कॉइल असते. हात पोचत नसेल तर गॅरेजमध्ये रॅम्पवर हे थोडक्या वेळाचं काम आहे.

पाऊस पडल्यावरच पुढे ओलं होत असेल तर बॉनेट उघडा. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, गुलमोहर-कडुनिंबाची पानं कुजून चिखल झालेला असतो. तो हाताने काढा, मग तिथे मगभर पाणी ओता. ते चाकाच्या बाजूने खाली निघून गेलं पाहिजे. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तीही टूथपिकने साफ करा. काचेच्या फटीतून दारात पाणी शिरतंच, ते या भोकांतून जायचं असतं. बाहेरून नवे स्पीकर बसवले असतील तर आणखी एक जागा: दाराच्या पॅनेलमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, स्पीकर बसवताना तो फाटतो किंवा नीट चिकटवला जात नाही, आणि दारातलं पाणी सरळ कार्पेटवर उतरतं. डिकीत वास असेल तर स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. टेललॅम्पच्या रबरातून पाणी येऊन तिथे तळं झालेलं बऱ्याच जणांना दोन-दोन वर्षं माहीत नसतं. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांच्या नळ्याही तपासा.

आता सुकवणं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसलेली असते. ती उचकटली की कार्पेटची कड वर येते. ओलं-सुकं दोन्ही ओढणाऱ्या व्हॅक्यूमने जमेल तेवढं पाणी ओढा, कडेखाली लाकडाचे ठोकळे सरकवा आणि दारातून टेबलफॅन रोखून 24 ते 48 तास ठेवा. आतला दिवा बंद करायला विसरू नका, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली. सीट काढायची वेळ आली तर मात्र थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचे असतात, ते मेकॅनिकवर सोपवा. नुसत्या काचा उघड्या ठेवून जुलैत काही सुकत नाही, बाहेरची हवाच ओली असते. त्यापेक्षा काचा बंद करून रीसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरवत, एसी चालवला तर तो हवेतली ओल ओढून घेतो. बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवून हे कधीही करू नका.

एसी लावल्यावर पहिली काही सेकंदं ओल्या मोज्यांसारखा वास येतो आणि मग जातो? तो कॉइलवरच्या बुरशीचा. आधी ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. काळा किंवा ओला असेल तर बदला, झटकून परत लावू नका. नवा बसवताना कडेवरचा बाण हवेच्या दिशेला हवा. काही स्वस्त आणि जुन्या गाड्यांत कंपनीकडून फिल्टरच येत नाही, नुसती खाच असते. तिथे सगळी धूळ थेट कॉइलवर जाते. फिल्टर बदलूनही वास राहिला तर कॉइलसाठी मिळणारा फोम क्लीनर वापरायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, आणि फोम विरघळून नळीतून खाली गेला याची खात्री करायची. नळी तुंबलेली असताना फोम मारला तर तोही कार्पेटमध्येच जातो. यापुढे एकच सवय लावा: मुक्कामाच्या 5 मिनिटं आधी एसीचं बटण बंद, पंखा मोठा, बाहेरची हवा चालू. कॉइल सुकून जाते. सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

सांडलेल्या गोष्टींचं गणित वेगळं. आंबलेलं दूध आणि उलटी यांचा वास आम्लाचा, त्यामुळे खाण्याचा सोडा कामाला येतो. मासळीचा वास अल्कलीकडे झुकणाऱ्या अमाइन्सचा, तिथे सोडा टाकून काही होत नाही, आम्लच हवं. मासे साफ करून लिंबू किंवा कोकमाचं आगळ चोळतात त्यामागे हेच आहे. कोकणातून येताना थर्माकोलच्या खोक्यातून बर्फाचं पाणी डिकीत झिरपलं असेल, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन डाग नीट भिजवा, 15 मिनिटांनी टिपा, पुन्हा साध्या पाण्याने टिपा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायची जी फेसाळ युक्ती फिरत असते ती दिसायलाच छान. दोघं एकमेकांना संपवतात, उरतं खारट पाणी.

दूध सांडलं तर गरम पाणी वापरू नका, प्रथिनं गोठून धाग्यांत बसतात. घासूही नका. थंड पाणी आणि टॉवेलने दाबून टिपा, मग एन्झाइम क्लीनर, म्हणजे डाग पचवून मोडणारं द्रव. दूध जितकं खोल गेलं तितकंच क्लीनर खोल गेलं पाहिजे, नुसत्या फवाऱ्याने भागत नाही. वर प्लास्टिक टाकून ते काही तास ओलं ठेवा. आधी फिनाइल किंवा ब्लीच ओतलं असेल तर हे क्लीनर निकामी ठरतं. पूर्ण सुकल्यावर राहिलेल्या वासासाठी 200 ग्रॅम सोडा पसरा, रात्रभर ठेवा, व्हॅक्यूमने ओढा. ओल्या कार्पेटवर सोडा टाकला तर त्याचे खडे होतात आणि ते महिनोन्महिने निघत नाहीत.

घाटात कोणाला उलटी झाली असेल तर सीटबेल्ट विसरला जातो. पूर्ण ओढून वरच्या बाजूला चिमट्याने अडकवा, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, सुकल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. बेल्टवर ब्लीच नको, धागा कमजोर होतो. सिगारेटच्या वासासाठी छताचं कापड ओलसर मायक्रोफायबरने हलकं पुसा. भिजवलं तर मागचा गोंद सुटून छत लोंबायला लागतं. आणि डांबराच्या गोळ्या गाडीत ठेवू नका, बंद गाडीत ती वाफ लहान मुलांना बाधते.

उंदराचा प्रकार ओळखू येतो: पंखा वाढवला की वासही वाढतो. घरटं केबिन फिल्टरच्या खोक्यात किंवा ब्लोअरमध्ये असतं. हातमोजे आणि मास्क घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी जंतुनाशकाने भिजवा, मग कागदाने उचला. फिल्टर नवाच घाला.

काही वास मात्र साफ करायचे नसतात. गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं म्हणजे हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. पेट्रोलचा किंवा जळक्या वायरचा वास आला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सीएनजी गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास आला तर स्टार्टर, दिवा, पॉवर विंडो, कशालाच हात लावू नका. दारं हाताने उघडा, डिकीही चावीनेच. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सहज हाताशी असेल तर बंद करा, सगळ्यांना घेऊन लांब जा, आणि फोन लांब गेल्यावरच लावा.