बाकांचं टेंडर आणि ती एक अट

आज पणजीत प्री-बिड मीटिंगला (टेंडर भरण्याआधीच्या शंकांच्या बैठकीला) जाऊन आलो, शाळेच्या बाकांचं टेंडर, फोंड्यात बाक आम्ही स्वतःच बनवतो म्हणून म्हटलं हे आपलंच काम. टर्नओव्हर ठीक, ईएमडी म्हणजे बयाण्याची रक्कम ठीक, आणि मग ती अट: गेल्या तीन वर्षांत याच खात्याला माल पुरवल्याचं सर्टिफिकेट हवं. म्हणजे ज्याने आधी पुरवला तोच परत पुरवणार, नवीन माणसाने आत यायचं कुठून?

उठून विचारलं तर साहेब म्हणाले, "अहो, अनुभव नको का?" हवाच की, कोण नाही म्हणतंय! पण अनुभव बाक बनवण्याचा मोजा ना, गिऱ्हाईक कोण होतं त्याचा कशाला? केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या सूचना (त्या बांधकामासारख्या कामांच्या, पण तत्त्व तेच) काय सांगतात, गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची, टेंडरच्या अंदाजित खर्चाच्या किमान 40 टक्क्यांची तीन कामं, नाहीतर 50 ची दोन, नाहीतर 80 चं एक, बस. आणि छत्तीसगडात शाळांच्या क्रीडा साहित्याच्या टेंडरला अगदी हीच भानगड होती, त्याच राज्याच्या सरकारी संस्थांना माल दिलेला असला पाहिजे म्हणे, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये ती अट सरळ उडवली.

लेखी आक्षेप दिला, पोचेवर शिक्का मारून घेतला. शेजारचे मडगावचे सप्लायर हळूच म्हणाले, "भाऊ, लिहून देताय खरं, पण उद्या बिलं अडकली तर?" तेही खोटं नाही. बघू अट बदलणारं शुद्धिपत्रक निघतं का, शेवटची तारीख नेमकी चतुर्थीच्या तोंडावर आणि तेव्हा सँपल बनवायला सुतारही मिळायचे नाहीत.