चंद्र दोघांनीही पाहिला होता
परवा रात्री छोट्या टेलिस्कोपमधून चंद्र बघत बघत तो पेन्सिलने कागदावर काढायला बसले, अर्धा चंद्र होता, आणि तासाभरात जे दिसलं ते इतक्या वर्षांत नुसतं बघून कधीच दिसलं नव्हतं. उजेड आणि अंधार जिथे भेटतात तिथे मी सरळ रेघ ओढली होती, पण परत डोळा लावला तर ती कड चांगलीच वेडीवाकडी, आणि अंधाराच्या बाजूला दोन-तीन चमकते ठिपके, एकटेच. रेघ खोडली आणि परत सुरुवात केली.

तेव्हापासून डोक्यात थॉमस हॅरियट घोळतोय. हा इंग्लंडचा गणितज्ञ, १६०९ च्या उन्हाळ्यात यानेही टेलिस्कोपमधून चंद्र बघून चित्र काढलं, म्हणजे गॅलिलिओच्या काही महिने आधी! पण चित्रात काय, तर एक खडबडीत कड आणि थोडे काळपट डाग, बस्स. त्याच वर्षाच्या शेवटी गॅलिलिओने तोच चंद्र बघितला आणि त्याला डोंगर दिसले, खड्डे दिसले. त्याचा टेलिस्कोप जास्त पॉवरचा होता (साधारण वीसपट, हॅरियटचा सहापट) हे मान्यच, पण मला मनापासून वाटतं की फरक हाताचाही होता. गॅलिलिओ ड्रॉइंग शिकलेला माणूस, एका बाजूने उजेड आला की उंचवट्याची सावली कुठे पडते, खड्ड्याची कुठली कड उजळते हे त्याच्या बोटांना माहीत होतं. म्हणून ते ठिपके त्याला ठिपके वाटलेच नाहीत, ती शिखरं होती, पहाटे दरीत अंधार असतानाच डोंगराच्या टोकावर ऊन येतं ना, अगदी तसं. आणि मग त्याच्यातला गणितज्ञ जागा झाला, ठिपका कडेपासून किती लांब आहे त्यावरून त्याने भूमितीने डोंगराची उंचीच काढली, तेव्हाच्या चार मैलांच्या वर!

१६१० मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि त्यानंतरची हॅरियटची चित्रं बघा, त्यात खड्डे आहेत. काय बघायचं हे एकदा कळलं आणि दिसायला लागलं, मला ही गोष्ट फार म्हणजे फार आवडते.

गॅलिलिओचा एक चित्रकार मित्र होता, चिगोली, त्याने १६१२ पर्यंत रोममधल्या सांता मारिया माज्जोरे चर्चच्या एका घुमटात मेरीच्या पायाखाली चंद्र रंगवला तो खड्ड्यांसकट. चित्रकलेकडून जे घेतलं ते दोनच वर्षांत चित्रात परत आलं. मेंदूच्या पेशींची चित्रं हाताने काढणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल पण याच जातीचा, लहानपणी त्याला चित्रकारच व्हायचं होतं, १९०६ चं नोबेल मिळालं, पण त्याच्यावर सावकाश वेगळं लिहायचंय.

काल परत कागद घेऊन बसले. परवाचे ठिपके आता उजेडात मिसळून गेले होते, कड पुढे सरकलेली, आणि तिच्यापुढे अंधारात एक नवीनच ठिपका चमकत होता.