पाठ भरायची तर पोटापासून सुरुवात

घोड्याची पाठ बसली की आपल्याकडे पहिला इलाज ठरलेला: हरभरा वाढवा. त्याने बरगड्या झाकतात, पण कणा वर आलेला तसाच राहतो. टॉपलाइन म्हणजे चरबी नव्हे. मानेच्या वरच्या कडेपासून पुठ्ठ्यापर्यंतचे ते स्नायू आहेत, आणि पोटाच्या स्नायूंनी पाठ खालून उचलून धरली तरच ते नीट भरतात.

आधी खोगीर बघा. खांद्यामागे दोन्ही बाजूंना खळगे असतील तर बहुतेक वेळा खोगीर अरुंद असतं. सततच्या दाबाने तिथला स्नायू वाळतो. स्वार बसल्यावरही पुढच्या कमानीखाली २-३ बोटं जागा राहिली पाहिजे. कण्याच्या दोन्ही बाजू तळव्याने दाबत जा. घोडा अंग चोरत असेल, शेपूट झटकत असेल, तर शिकवणी थांबवून पशुवैद्याला दाखवा.

मग चाल. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून माऊलींच्या पालखीचे अश्व दरवर्षी आळंदीपर्यंत चालत जातात हे आपल्या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहे, तरी शिकवणीत मात्र सगळ्यांना दुडकीची घाई. रोज २०-३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, घोडा हातात धरून झपझप चालवा. खानापूरकडच्या ओलसर तांबड्या मातीवर ठसे छान उमटतात. वीसेक पावलं चालवून मागे वळून बघा. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशापेक्षा चार बोटं तरी पुढे पडायला हवा. तो मागेच राहिला, किंवा खुराच्या टोकाने माती ओरखडलेली दिसली, तर मागचे पाय पोटाखाली येत नाहीत. दोन आठवड्यांनी हीच चाल हलक्या चढावर करा. चिकोडी-रायबागच्या काळ्या रानात पावसाळ्यात हे काम नको. चिखल खूर धरून ठेवतो आणि पायाच्या शिरा ताणतात.

मागे सरकवणं एका वेळी ४-५ पावलं, तीनदा, बस. डोकं छातीच्या उंचीला हवं. डोकं वर गेलं की पाठ खाली दबते आणि सगळी मेहनत वाया जाते.

नंतर जमिनीवर ४ बांबू एकापुढे एक आडवे मांडा आणि घोडा त्यांच्यावरून न्या. लहान चणीच्या देशी घोड्याला चालीसाठी ७५-८० सेंमी आणि दुडकीसाठी १.१ ते १.२ मीटर अंतर सुरुवातीला पुरतं. पुढे त्याच्या पावलाप्रमाणे कमी-जास्त करा. मोकळा बांबू घरंगळतो आणि घोड्याचा पाय मुरगळतो, म्हणून दोन्ही टोकांना वाळूची पोती लावा. लंजिंगचा, म्हणजे लांब दोरीवर घोडा भोवती फिरवण्याचा, गोल १५ मीटर व्यासापेक्षा लहान नको, आणि एका बाजूला ५-७ मिनिटांच्या वर नको.

मान आवळून बांधणं मला अजिबात पटत नाही. वरातीत नाचवायच्या घोड्याची मान वर आवळली की पाठ पोकळ होते आणि गळ्याखालचा नको तो स्नायू फुगतो. खाली आवळली तर नाक छातीला टेकतं, पण मागचे पाय लांबच राहतात.

मुसळधार पावसात तबेल्यात गाजर घ्या. हनुवटी छातीकडे, मग पुढच्या गुडघ्यांच्या मधे, मग एकेका कुशीकडे न्यायला लावा. प्रत्येक बाजूला ५ वेळा, दर वेळी ५ सेकंद. घोडा भिंतीलगत उभा असला की पाय हलवून चुकारपणा करत नाही.

नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाड्यावर स्नायू बनत नाही, कारण त्यात प्रथिनं फार कमी. ३०० किलोच्या घोड्याला रोज २५०-३०० ग्रॅम सोयापेंड, १० दिवसांत हळूहळू वाढवत, आणि जमेल तसा लसूणघास द्या. शेतातलं कच्चं सोयाबीन मात्र देऊ नका. त्यातल्या घटकांमुळे प्रथिनं पचत नाहीत. हुलगे शिजवूनच घाला.

दर ४ आठवड्यांनी त्याच जागी, त्याच बाजूने फोटो काढा. साधारण ३ महिन्यांत फरक दिसू लागतो. तेव्हा खोगीर परत बसवून बघा. पाठ भरली की जुनं खोगीर घट्ट होतं आणि खांद्यामागे तेच खळगे पुन्हा पडतात.