वारीत संशोधनाला जाताय? आधी संमतीचं बघा

माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालून आले, त्याला महिना झाला. मी परदेशातल्या विद्यापीठात मानववंशशास्त्रात पीएचडी करते. विषय दिंडीतल्या बायका. पायांचे फोड बरे झाले, पण तयारीतली एक चूक अजून सलते.

आधी कागदपत्रं. परदेशी नागरिकाला भारतात संशोधन करायचं तर पर्यटक व्हिसा चालत नाही, रिसर्च व्हिसा लागतो, आणि इथल्या एखाद्या संस्थेशी संलग्न असल्याचं पत्र. माझ्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) होतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय असलं तरी संशोधनासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, कुणासाठी थांबत नाही; अर्ज दिवाळीच्या सुमारासच करून टाका.

आता ती चूक. मुलाखत देणाऱ्यांनी सही करायच्या संमतीपत्राचा, विद्यापीठाच्या नैतिकता समितीने मंजूर केलेला नमुना माझ्याकडे होता. दोन पानं, खाली सहीची जागा. सासवडला पालखी दोन रात्री मुक्कामाला असते, तेव्हा बोलायला निवांतपणा मिळतो. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एक आजी दोन दिवस माझ्याशी भरभरून बोलल्या होत्या. मी कागद पुढे केला आणि त्यांनी हात पदराखाली घेतला. "बोलते की गं माऊली. पर अंगठा नाय लावायची. असाच अंगठा लावला न् धन्याची जमीन गेली."

त्यानंतर त्यांनी मला चहा दिला, पण बोलणं तिथेच थांबलं. ज्या कागदाने त्यांचं रक्षण व्हायचं, त्याचीच त्यांना भीती वाटली, आणि ती रास्त होती. तोंडी संमतीची मुभा समितीकडून निघण्यापूर्वीच मागून घ्या. मी ती सासवडहून ईमेलने मागितली. लोणंद गाठेपर्यंत उत्तर नव्हतं. तेवढे दिवस मी एकही मुलाखत घेतली नाही.

बाकीचं थोडक्यात. दिंडीत आधी चालकांना भेटा, कशासाठी आलात ते सगळ्यांसमोर सांगा, भिशी म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी भरा, आणि भाकऱ्या थापायला बसा. माझ्या सगळ्यात चांगल्या नोंदी चुलीपाशीच्या आहेत. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पेन्सिलीनेच लिहा. दिवे घाटात पावसाने माझी शाईची चार पानं धुऊन नेली. कीर्तनात रेकॉर्डर लावायचा तर आधी महाराजांना विचारा.

वेळापूरच्या पुढे आजी आपणहून शेजारी चालू लागल्या. काय लिहिलंस ते वाचून दाखव, म्हणाल्या. मराठीत उतरवून कार्तिकीनंतर त्यांच्या गावी येऊन वाचेन, असं मी कबूल केलंय. या दुसऱ्या फेरीचा खर्च मी बजेटात धरलाच नव्हता. तुम्ही धरा.